आधार कोणाचा? मजली केकची गोष्ट

तुपाच्या भांड्याची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांना माहीत असेल. नैयायिक पंडित तूप घेऊन घरी निघाले. वाटेत प्रश्न पडला : तुपाला भांड्याचा आधार, की भांड्याला तुपाचा? त्यांनी भांडं उलटं करून पाहिलं. उत्तर मिळालं, तूप गेलं. आम्ही ही गोष्ट वर्षानुवर्षं वर्गात सांगितली. आज तोच प्रश्न लग्नातल्या मजली केकला विचारायचा आहे.

वसईला एका विद्यार्थ्याच्या लग्नाला आम्ही गेलो होतो. तीन मजली केक मांडला जात होता. आम्ही सहज विचारलं, "खालचा केक एवढं वजन पेलतो कसा?" मांडणाऱ्या बाई हसल्या. "सर, तो पेलतच नाही."

मग त्यांनी दाखवलं. वरच्या प्रत्येक मजल्याखाली त्याच्या मापाचा जाड पुठ्ठा असतो. खालच्या केकमध्ये लाकडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या काड्या तळापर्यंत उभ्या खोचतात. बेकरीतले लोक त्यांना डॉवेल म्हणतात. वरचा पुठ्ठा टेकतो तो या काड्यांच्या डोक्यांवर. वजन पुठ्ठ्यातून काड्यांत आणि काड्यांतून खालच्या पाटावर उतरतं. मऊ केक नुसता भोवती उभा असतो. सगळ्या काड्या एकाच मापाच्या कापाव्या लागतात. एक जरी उंच राहिली तरी वरचा मजला कलतो.

म्हणजे दिसणारा आधार एक, खरा आधार दुसरा. या केकचा इतिहासही असाच आहे, तो आता पाहू.

१८४० साली राणी व्हिक्टोरियाचं लग्न झालं. त्या वेळचा मुख्य केक सुमारे ३०० पौंडांचा, म्हणजे १३६ किलोंच्या आसपास. घेर ९ फूट आणि उंची १४ इंच. वर साखरेच्या मूर्ती होत्या, पण केकचा मजला एकच. १८५८ मध्ये तिच्या थोरल्या मुलीच्या लग्नात केक उंच झाला, तोही फसवा : खालचा मजला केकचा, वरचे निव्वळ साखरेचे. सगळे मजले खऱ्या केकचे झाले ते १८८२ मध्ये, धाकटा राजपुत्र लिओपोल्ड याच्या लग्नात. सुक्या मेव्याचा घट्ट केक आणि अंड्याच्या पांढऱ्यात पिठीसाखर घोटून केलेलं, वाळल्यावर गिलाव्यासारखं कडक होणारं आयसिंग, या दोघांमुळे ते जमलं. पुढे मजल्यांच्या मध्ये खांब आले. कवच कडक नसेल तर खांब केकमध्ये रुतणार, हे उघड आहे. म्हणून केक आणि आयसिंग मऊ होत गेले तसा आधार आत, काड्यांत गेला.

पण मंडळी, एवढी साखर आली कुठून? इथे आम्हाला जरा थांबावंसं वाटतं. ब्रिटिश वसाहतींतली गुलामगिरी १८३०च्या दशकात कायद्याने संपली. मळे राहिले, मजूर हवे होते. १८३४ पासून हिंदुस्थानातून करारावर माणसं मॉरिशसला जाऊ लागली. त्यांत मुंबई इलाख्यातली, आपल्या कोकणातली माणसंही होती. त्यांचे वंशज आजही तिथे गणपती बसवतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ब्रिटनमध्ये उतरणाऱ्या साखरेत मॉरिशसच्या साखरेचा वाटा मोठा होता. पुढे युरोपातली बीटाची साखर आली, १८७४ मध्ये ब्रिटनने साखरेवरचा आयातकर काढला, साखर स्वस्त झाली आणि मजली केक मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला. वर्णनं केकच्या उंचीची छापली गेली. उसाच्या मळ्यात राबणाऱ्यांची नावं त्यांत कशाला येतील?

आधार काढून घेतला की काय होतं, हे दुसऱ्या महायुद्धात दिसलं. १९४० मध्ये ब्रिटनमध्ये केकवर आयसिंग करायला बंदी आली. मग लोक पुठ्ठ्याचं मजली खोकं भाड्याने आणत. आत छोटासा केक, बाहेर पुठ्ठ्याचा डौल. १८५८ चा देखावा पुन्हा अवतरला, फक्त साखरेच्या जागी पुठ्ठा आला. १९४७ मध्ये राजकन्या एलिझाबेथच्या लग्नाचा चार मजली, ९ फूट उंच केक झाला तेव्हाही देशात साखरेचं रेशनिंग चालूच होतं. त्या केकचं सामान ऑस्ट्रेलियातल्या गर्ल गाइड मुलींनी भेट म्हणून पाठवलं होतं. त्या वेळी निदान देणाऱ्यांची नोंद झाली!

वस्तूचा इतिहास सांगताना आपण बहुधा वरून खाली येतो : राणी, राजपुत्र, केक. आमचं म्हणणं इतकंच, की एकदा खालून वर जाऊन पाहावं. भार कोणावर आहे, हे आधी विचारावं. त्यासाठी त्या पंडितांसारखं भांडं उलटं करायची गरज नाही, आत काय खोचलंय ते पाहिलं तरी पुरे.

वसईच्या त्या बाईंनी केक वाटायला घेतला तेव्हा आधी वरचा मजला पुठ्ठ्यासकट उचलून बाजूला ठेवला. मग एकेक काडी ओढून काढली आणि मोजली. पाच घातल्या होत्या, पाच निघाल्या. त्यानंतरच सुरी लावली. "एखादी आत राहिली तर कुणाच्या तरी घशात जाईल," त्या म्हणाल्या.

आज इथेच थांबू. प्रश्न असतील तर जरूर विचारा.