फरशी धुतलेलं पाणी 'प्रदूषण' कधी झालं?

सकाळी लवकर एखाद्या पेट्रोल पंपावर गेलात, तर हे दृश्य तुम्ही पाहिलं असेल. गमबूट घातलेला एक पोरगा प्रेशर वॉशरची गन धरून फरशी धुतोय. ऑइलचे डाग, टायरचा काळपटपणा, पानाच्या पिचकाऱ्या, सगळं सुटून उताराकडे वाहत जातं. थोड्या वेळात फरशी लख्ख. आता तुम्हाला यावर इतिहासाचा शोधनिबंध लिहायला सांगितला, तर सुरुवात कुठून कराल?

मी केली यंत्रापासून. जर्मनीत आल्फ्रेड कार्चर यांनी १९५० मध्ये गरम पाण्याचं हाय-प्रेशर यंत्र आणलं, तिथून पुढे मॉडेल कशी बदलली, वगैरे. दहा पानं लिहून गाईड मॅडमकडे घेऊन गेलो. त्यांनी ती शांतपणे वाचली आणि एवढंच विचारलं, "पाणी कुठं गेलं?"

माझ्या दहा पानांत पाणी कुठंच नव्हतं. 'कोणी शोध लावला' हा प्रश्न वाईट नाही, पण त्याचं उत्तर बहुतेक वेळा कंपनीच्या माहितीपत्रकात तयार असतं. आपल्याला लागतो तो असा प्रश्न, ज्याचं उत्तर अजून कोणी नीट मांडून ठेवलेलं नाही. म्हणून मी पाण्यामागे निघालो आणि अमेरिकेत पोचलो, कारण या पाण्यावरून झालेल्या भांडणाची कागदपत्रं तिथं भरपूर आहेत.

आधी एक गोष्ट समजून घ्या. तिथल्या अनेक शहरांत जमिनीखाली दोन वेगळ्या वाहिन्या असतात. संडास-मोरीचं पाणी एका वाहिनीतून शुद्धीकरण केंद्रात जातं. रस्त्यावरचं पावसाचं पाणी दुसरीतून सरळ नदीत किंवा समुद्रात जातं, वाटेत त्यावर काहीच प्रक्रिया होत नाही. दुकानासमोरचं पार्किंग धुतलं की ते पाणी सहसा या दुसऱ्या वाहिनीच्या जाळीत शिरतं.

२२ जून १९६९ ला ओहायो राज्यात क्लीव्हलंड शहरात कायाहोगा नदीवरच्या तेलकट कचऱ्याला आग लागली. 'टाइम' साप्ताहिकाने ऑगस्टमध्ये त्यावर लेख छापला आणि देशभर चर्चा झाली. गंमत म्हणजे, लेखासोबतचा फोटो त्या आगीचा नव्हताच, तो १९५२ सालच्या आगीचा होता. १९६९ ची आग थोड्याच वेळात विझली होती. म्हणजे ही नदी याआधीही पेटली होती, पण देशाला राग आला तो १९६९ मध्ये. घटना आणि तिची बातमी या दोन वेगळ्या गोष्टी असतात, आणि साधनं तपासताना दोन्ही बघाव्या लागतात.

१९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचा नकाराधिकार झुगारून काँग्रेसने स्वच्छ पाण्याचा कायदा मंजूर केला. नळीतून, चरातून, नाल्यातून नदीत काही सोडायचं तर परवाना हवा. आता पावसाळी वाहिनी हीसुद्धा नळीच की! पण अशा लाखो तोंडांना परवाने द्यायचे कसे, असं म्हणत पर्यावरण खात्याने १९७३ मध्ये त्यातल्या बऱ्याच वाहिन्यांना सूट देऊन टाकली. एका पर्यावरण संस्थेने याला न्यायालयात आव्हान दिलं. १९७७ मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं की अशी सरसकट सूट देण्याचा अधिकार खात्याला नाही.

तरी घोडं पुढे सरकायला आणखी दहा वर्षं लागली. १९७८ ते १९८३ या काळात एक राष्ट्रीय अभ्यास झाला. शहरातून वाहून आलेल्या पावसाच्या पाण्यात तांबं, शिसं आणि जस्त वारंवार सापडलं. १९८७ मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि १९९० मध्ये नियम आले. एक लाख किंवा जास्त वस्तीच्या शहरांनी आपल्या पावसाळी वाहिनीत पावसाशिवाय दुसरं पाणी शिरू द्यायचं नाही, असं ठरलं.

इथं माझा विषय खऱ्या अर्थाने सापडला. यंत्र तेच, फरशी तीच, डागही तेच. बदललं ते पाण्याचं नाव. काल जे 'वाहून गेलेलं पाणी' होतं, ते आज 'बेकायदा विसर्ग' झालं. व्यवसायाच्या जागा धुणाऱ्या कंत्राटदाराला आता गटाराची जाळी झाकणं, पाणी अडवून ओढून घेणं आणि परवानगी घेऊन सांडपाण्याच्या वाहिनीत सोडणं, हे सगळं शिकावं लागलं.

पण खरी मेख पुढेच आहे. त्याच नियमांत अपवादांची एक लांब यादी आहे. ते पाणी प्रदूषण करतंय असं आढळलं नाही, तर शहराने त्याच्या मागे लागायची गरज नाही. त्या यादीत बागेला घातलेलं पाणी आहे, एसीचं गळणारं पाणी आहे, घरच्या घरी धुतलेल्या गाडीचं पाणी आहे आणि रस्ते धुतलेलं पाणीही आहे. दुकानासमोरचं पार्किंग धुतलेलं पाणी मात्र नाही.

आता थांबा आणि विचार करा. गाडी दारात धुतली काय आणि दुकानासमोर धुतली काय, तेल तर तेच ना? मग फरक कशाचा? घरोघरी जाऊन तपासणी करणं अशक्य म्हणून? मतदार दुखावतील म्हणून? की धंदा करणाऱ्याने खर्च सोसावा हे न्यायाचं वाटलं म्हणून? नुसता नियम वाचून हे कळत नाही. त्यासाठी नियमाचा मसुदा, त्यावर आलेल्या हरकती आणि खात्याने दिलेली उत्तरं वाचावी लागतात. सध्या मी तेच करतोय. म्हणून माझा सल्ला: कायदा वाचताना अपवाद आधी वाचा. कोणाला सोडलं आणि कोणाला धरलं, हे तिथं दिसतं.

हा प्रश्न तुम्ही आपल्याकडेही विचारू शकता. महाराष्ट्राने जलप्रदूषणाविरुद्धचा आपला कायदा १९६९ मध्येच केला, म्हणजे कायाहोगा पेटली त्याच वर्षी. राज्याचं मंडळ १९७० मध्ये स्थापन झालं आणि केंद्राचा कायदा १९७४ मध्ये आला. १९६९ च्या आपल्या कायद्यात 'प्रदूषण' म्हणजे काय मानलं होतं? त्यात कारखाना होता, पण गॅरेज, वॉशिंग सेंटर, पेट्रोल पंप होते का? २०२३ च्या अखेरीस मुंबईत धूळ बसवायला टँकरच्या पाण्याने रस्ते धुतले गेले. त्या पाण्याला महापालिकेच्या कागदांत काय म्हटलं आहे?

यातला एक प्रश्न घ्या आणि प्रस्ताव लिहायच्या आधी मूळ कायद्याची फक्त व्याख्यांची कलमं वाचा. शेजारी कोरा कागद ठेवा. डावीकडे कायद्याने नाव घेतलेल्या गोष्टी लिहा, उजवीकडे तुमच्या गल्लीतल्या गटारात रोज प्रत्यक्ष जाणाऱ्या. उजवीकडे जे उरेल, तिथं तुमचा विषय आहे.

आणि तो गमबूट घातलेला पोरगा? माझ्या कागदपत्रांत त्याचा आवाज अजून एकदाही ऐकू आलेला नाही. नियम मोडला तर दंड कोणाला आणि नोकरी कोणाची जाते, हे त्याला विचारल्याशिवाय माझं प्रकरण पुरं होणार नाही. तुमच्या विषयातही असा कोणीतरी असेल. त्याला शेवटच्या प्रकरणापर्यंत थांबवू नका, मी केलेली ती चूक तुम्ही करू नका.