शाळाच पोरांच्या अंगणात गेली



पोर शाळेत जात नसलं की आपण त्याला नाहीतर त्याच्या आईबापाला बोल लावतो. आज ज्या दोन बाईंची गोष्ट सांगते, त्यांनी आधी शाळेतच खोट शोधली.

अनुताई वाघ यांचा जन्म १९१० सालचा. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य. तेव्हा अशा मुलीचं आयुष्य चुलीपाशीच सरायचं. अनुताई मात्र शिकल्या आणि प्राथमिक शिक्षिका झाल्या. आधी चांदवडला, मग पुण्याच्या हुजूरपागेत त्यांनी शिकवलं. दिवसा नोकरी, रात्री रात्रशाळा, असं करत त्या मॅट्रिक झाल्या.

१९४५ साली त्या ताराबाई मोडकांबरोबर डहाणूजवळच्या बोर्डी गावी आल्या. ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेकांच्या सोबतीने बालशिक्षणाचं काम केलं होतं. पण तिथली साधनं महाग. खेड्यातल्या गरिबाला ती कुठून परवडणार? म्हणून बोर्डीच्या बालवाडीत खडे, शिंपले, बिया, पानं आली. मोजणं, रंग ओळखणं त्यांवरच सुरू झालं.

तरी पाड्यावरची मुलं येईनात. मग बाईच पाड्यावर गेल्या. अंगणात मुलं जमवायची, त्यांना स्वच्छ करायचं, गाणी-गोष्टी सांगत शिकवायचं. हीच अंगणवाडी. पुढे १९७५ साली सरकारची बालविकास योजना आली आणि हे नाव गावोगाव पोचलं.

१९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये गेलं. थोरली मुलगी धाकट्या भावंडापायी घरी राहते? मग पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच जागी आणली. तिचं नाव विकासवाडी. पोरगा गुरं राखतो? मग शिक्षक कुरणात गेला आणि कुरणशाळा भरली.

मास्तरकीचं प्रमाणपत्र अनुताईंकडे होतंच. पण मूल का येत नाही, हे त्याच्या दारात जाऊन विचारलं, तेव्हा त्या त्या मुलांच्या बाई झाल्या.

आता आपलं पाहू. शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा बायांच्या आहेत. तिथे नुसती सही करून उठू नका. आपल्या वस्तीतलं कोणतं मूल गैरहजर असतं आणि कशामुळे, ते गटाच्या बैठकीत एकमेकींना विचारा. मग ते कारण समितीत मांडा. त्यावर शाळा काय करणार, हेही तिथेच विचारा.