हिंजवडीच्या आयटीत जाऊ पाहणाऱ्या महिला : कोर्स मिळतो, मधले महिने कोण सांभाळणार?

मुळशी तालुक्यातील हिंजवडी, माण आणि मारुंजी या गावांच्या जमिनीवर एमआयडीसीने राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभा केला. तिथे रोज हजारो लोक कामाला जातात. पिंपरी, थेरगाव, दापोडीच्या वस्त्यांतून आपल्या अनेक भगिनीही जातात, पण हाउसकीपिंग, कॅन्टीन किंवा सिक्युरिटीच्या ठेकेदारामार्फत. त्याच इमारतीत संगणकावर काम करणाऱ्या आपल्या महिला आम्हाला फार कमी भेटतात. दुसरीकडे बी.कॉम., बी.एस्सी., डी.एड. झालेल्या, कधी इंजिनिअरिंग करून लग्नानंतर घरी बसलेल्या आणि आता क्षेत्र बदलू इच्छिणाऱ्या महिला प्रत्येक विहारात आहेत. ही माहिती त्यांच्यासाठी आणि त्यांच्यासोबत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी आहे.

अडचण नेमकी कुठे आहे?

शिकण्याची साधने आज पूर्वीइतकी दुर्मीळ नाहीत. स्वयम आणि एनपीटीईएलवर प्रोग्रामिंगचे कोर्स मोफत शिकता येतात. अडचण आहे ती जुना पगार थांबल्यापासून नवा पगार सुरू होईपर्यंतच्या महिन्यांची. त्या काळात घरभाडे कोण देणार, मूल कोण सांभाळणार, लॅपटॉप कुठून येणार, या प्रश्नांवर क्षेत्र बदलण्याचा विचार अडतो. हुशारी कमी पडली म्हणून माघार घेणाऱ्यांपेक्षा घरखर्च न झेपल्याने माघार घेणाऱ्या आम्ही जास्त पाहिल्या.

सरकारी योजना मुख्यतः नियमित विद्यार्थ्याला समोर ठेवून आखलेल्या आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना बाहेरगावाहून आलेल्या आणि शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठी आहे. पुण्यातच संसार असलेली ३० वर्षांची महिला तिच्यात बसत नाही.

कोणासाठी कोणता मार्ग?

इंजिनिअरिंग किंवा एमसीए झालेल्या, पण काही वर्षे कामाबाहेर असलेल्यांसाठी सीडॅकचा पीजी-डॅक हा सहा महिन्यांचा पूर्णवेळ कोर्स आहे. सी-कॅट ही त्याची प्रवेश परीक्षा वर्षातून दोनदा होते. पुण्यात सीडॅकचे स्वतःचे केंद्र आहे आणि हिंजवडीतही अधिकृत केंद्र आहे. मात्र जीएसटी धरून फी लाखाच्या पुढे जाते. अर्जापूर्वी पात्रतेच्या अटी नीट वाचाव्यात.

इतर शाखांच्या पदवीधरांसाठी दोन वर्षांचा एमसीए आहे. बारावीला किंवा पदवीला गणित असेल तर एमसीए सीईटी देता येते. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थिनींना महाडीबीटीवरून भारत सरकार शिष्यवृत्तीचा अर्ज करता येतो. त्यासाठी कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर फ्रीशिपची चौकशी करावी. जात प्रमाणपत्र आणि जात पडताळणी आधीच करून ठेवावी. प्रवेशाच्या आठवड्यात ही कागदपत्रे हाती येत नाहीत.

कमी वयाच्या मुलींसाठी नवगुरुकुल या संस्थेने पुण्यात निवासी केंद्र चालवले आहे. तिथे राहणे, जेवण आणि प्रोग्रामिंगचे शिक्षण विनामूल्य असते. पुण्यातील बार्टीही अनुसूचित जातीच्या तरुणांसाठी वेळोवेळी प्रशिक्षणाच्या जाहिराती काढते. संकेतस्थळावर लक्ष ठेवण्याचे काम विहारातील एकाने घेतले तर ते सर्वांच्या उपयोगी पडते.

गटाचा आधार काय करतो?

२०११ मध्ये लॉस एंजेलिस येथे पायलेडीज हा पायथॉन शिकणाऱ्या महिलांचा गट सुरू झाला. पुढे पुण्यातही त्याची शाखा निघाली. अशा गटात नवखी महिला प्रश्न विचारायला कचरत नाही. कोणत्या कंपनीत जागा निघाली, मुलाखतीत काय विचारतात, सीव्ही कसा लिहायचा, ही माहिती नोकरीत असलेल्यांच्या ओळखीतून फिरते. आपल्या घरात आयटीतले कोणी नसेल तर ती आपल्यापर्यंत येतच नाही. गट ही ओळख करून देतो.

आउटरीची हा कार्यक्रमही माहीत असावा. ग्नोम या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाने २००६ मध्ये महिलांसाठी सुरू केलेल्या उपक्रमातून तो पुढे वाढला. तीन महिने घरून काम, आठवड्याला साधारण ३० तास आणि ७,००० डॉलर मानधन. अर्ज करताना आपल्याला कोणत्या भेदभावाला तोंड द्यावे लागले ते लिहायचे असते. जातीचा अनुभव तिथे लपवण्याची गरज नाही. पण आठवड्याला ३० तास मोकळे करायचे तर घरकामाची वाटणी करावीच लागते.

विहारांनी आणि मंडळांनी काय करावे?

बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभेमार्फत १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह सुरू केले. शाळा होत्या, पण राहण्या-जेवण्याची सोय नसेल तर मूल शाळेत टिकत नाही, हे त्यांनी ओळखले होते. क्षेत्र बदलणाऱ्या महिलेचा प्रश्न आज तोच आहे. आमच्या सूचना अशा :

१. आयटीत स्थिरावलेल्या समाजबांधवांनी ‘पे बॅक टू सोसायटी’ जयंतीच्या वर्गणीपुरते ठेवू नये. दहा जणांनी मिळून एका महिलेचा सहा महिन्यांचा घरखर्च उचलावा. परतफेड नोकरीनंतर, बिनव्याजी, पुढच्या महिलेसाठी.

२. विहारात संध्याकाळी वीज, वाय-फाय आणि दोन-तीन वापरलेले लॅपटॉप ठेवावेत. शेजारच्या खोलीत मुलांचा अभ्यासवर्ग घ्यावा, म्हणजे आईला शिकायला बसता येईल.

३. प्रत्येकीला नोकरीतली एक मार्गदर्शक ताई जोडून द्यावी. आठवड्याला एक फोन आणि महिन्याला एक सराव मुलाखत एवढे पुरे.

४. नवरा आणि सासूबाईंशी कार्यकर्त्यांनी सुरुवातीलाच बोलावे. घरचा विरोध बहुधा कोर्स अर्धा झाल्यावर वाढतो.

फसवणुकीपासून सावध

‘पैसे भरा, नोकरी नक्की’ असे सांगणाऱ्यांना एक रुपयाही देऊ नये. बनावट अनुभवपत्र घेऊन नोकरी मिळवण्याचा सल्ला देणारेही भेटतात. कंपन्या मागील नोकरीची पडताळणी करतात. खोटे उघडकीस आले की नोकरी जाते आणि पुढची वाटही बंद होते. ‘आधी शिका, नोकरीनंतर फी’ अशा करारावर सही करण्यापूर्वी एकूण रक्कम आणि नोकरी न लागल्यास काय, हे वकिलाकडून वाचून घ्यावे.

नोकरी लागल्यानंतर

१० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणे २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. प्रशिक्षणार्थी आणि कंत्राटी महिलांनाही तो कायदा लागू आहे. तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत करावी. ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय द्यावी लागते. खासगी क्षेत्रात आरक्षण नाही आणि जात गेटवर थांबत नाही. अमेरिकेत सिअ‍ॅटल शहराने २०२३ मध्ये जातीभेदावर बंदी घातली, तेव्हा त्यामागे तिथल्या आयटीतील जातीच्या तक्रारीही होत्या. म्हणून नोकरी लागली की गट सोडू नये. एकटीला सहन करावे लागते ते चौघींना मिळून विचारता येते.

एका महिलेचा पगार बदलला की घरातील मुलीचे शिक्षण बदलते, हे आपण सावित्रीमाईंच्या वारशातून जाणतो. येत्या पौर्णिमेला आपल्या विहारात एवढेच विचारा : क्षेत्र बदलायचे आहे अशी कोण आहे, आणि तिचे सहा महिने कोण सांभाळणार? नावे लिहून घ्या. काम तिथून सुरू होते.

जय भीम.