रमाबाई आंबेडकर नगर गोळीबार
सुव्यवस्थेच्या नावाखाली शासनसत्तेने बळ कुठवर वापरावे, या वादातील मुंबई उपनगरांतले सर्वांत गंभीर प्रकरण. ११ जुलै १९९७ रोजी सकाळी घाटकोपर पूर्वेच्या या वस्तीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. संतप्त रहिवाशांनी पूर्व द्रुतगती महामार्ग रोखला. राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात दहा जण मृत्युमुखी पडले. या घटनेने व्यथित होऊन चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. जमाव गॅसचा टँकर पेटवणार होता, हा पोलिसांचा बचाव चौकशीसाठी नेमलेल्या न्या. गुंडेवार आयोगाने फेटाळला आणि गोळीबार असमर्थनीय ठरवला.

तत्कालीन फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२९ नुसार, पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी हजर नसल्यास जमाव पांगवण्याचा अधिकार उपनिरीक्षकालाही होता. एवढी मोठी सत्ता इतक्या खालच्या पायरीवर! गोळीबाराचा आदेश देणारे मनोहर कदम उपनिरीक्षकच होते. २००९ मध्ये सत्र न्यायालयाने त्यांना सदोष मनुष्यवधासाठी जन्मठेप सुनावली. पुढे उच्च न्यायालयाने शिक्षा स्थगित करून जामीन दिला. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४८ मध्ये आहे.