खुमारी, उतारा आणि हँगओव्हर

परवा नातवाचा पुण्याहून फोन आला. "आजोबा, हरिहरगडाचा हँगओव्हर अजून उतरला नाहीये हो!" क्षणभर घाबरलोच. मग कळलं, रविवारच्या ट्रेकचा आनंद अजून मनात रेंगाळतोय, एवढंच. दारूचा काही संबंध नाही. (नातेवाईकांनी नोंद घ्यावी!)

फोन ठेवला आणि शब्दाच्या मागे लागलो. मास्तरकीची खोड, दुसरं काय.

इंग्रजीतला हा शब्द तसा तरुणच. १८९४ च्या सुमारास त्याचा अर्थ होता, मागून शिल्लक राहिलेलं काहीतरी. पिण्यानंतरच्या सकाळच्या दुखण्याला तो चिकटला विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला. लंडनचे गरीब लोक दोन पेन्स देऊन दोरीवर ओणवे होऊन झोपत, त्यावरून हा शब्द आला असं सांगणारा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. दोरी खरी आहे. जॉर्ज ऑर्वेलने १९३३ च्या पुस्तकात तिचं वर्णन केलंय. पण शब्द त्याआधीचा, तिथून आलेला नाही.

त्याआधीही इंग्रजांकडे शब्दांची टंचाई नव्हती. घशाला पडलेल्या कोरडीला ते 'हॉट कॉपर्स' म्हणत, तापलेली तांब्याची भांडी! सकाळी पुन्हा घोटभर घेणं म्हणजे चावलेल्या कुत्र्याचाच केस जखमेवर लावणं. ही म्हण १५४६ च्या हेवूडच्या संग्रहात आहे. आपल्याकडे त्यालाच उतारा म्हणतात. मुलांना मी जन्मभर 'खालील उतारा वाचून उत्तरे लिहा' सांगत आलो, तो वेगळा.

मराठीत रात्रीचे शब्द भरपूर. चढणं, झिंगणं, तर्र, टुन्न... पण सकाळचा? तो होता, आपण विसरलो. अरबीत खम्र म्हणजे मद्य आणि खुमार म्हणजे ते प्यायल्यानंतरचं दुखणं. आपलं खमीरही याच घरातलं. खुमार फारसीमार्गे आपल्याकडे आला, खुमारी झाला आणि गोड झाला. आता गप्पांना खुमारी येते, गाण्याला येते. डोकेदुखी कुणाला आठवतही नाही. दारूचंही तसंच. फारसीत दारू म्हणजे औषध. आपल्या दवादारूत तो अर्थ अजून जिवंत आहे.

त्याच्याही कितीतरी आधी आपल्या वैद्यांनी हे दुखणं नीट नोंदवलं होतं. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मद्यपानाच्या विकारांची चार नावं आहेत : पानात्यय, परमद, पानाजीर्ण आणि पानविभ्रम. परमदाची लक्षणं वाचा. अंग जड, तोंड बेचव, अन्न नकोसं, तहान, डोकं आणि सांधे दुखणं. नातवाच्या शब्दाला इतका जुना मराठमोळा नसला तरी संस्कृत भाऊ आहे!

मग घराघरांत यातला एकही शब्द का रुजला नाही? मला वाटतं, आपल्याकडे प्यायचं ते चोरून. त्यामुळे सकाळच्या दुखण्यालाही नाव द्यायचं नाही. 'पित्त झालंय', 'बरं नाही', संपलं.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. आदल्या दिवशी बाजार असला की हमखास गैरहजर, आणि दुसऱ्या दिवशी चिठ्ठी : वडिलांना बरे नव्हते म्हणून शाळेत आलो नाही. अक्षर त्याचंच, खाली आईचा अंगठा. मी लाल पेनाने ऱ्हस्व-दीर्घ सुधारून चिठ्ठी परत करायचो. अशा किती चिठ्ठ्या सुधारल्या कोण जाणे. 'बरे नव्हते' म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. विचारलं मात्र एकदाही नाही. दहावीच्या आधीच तो शाळेतून गेला.

नातू हँगओव्हर म्हणतो, त्याला माझी हरकत नाही. खुमारीचं जे झालं तेच या शब्दाचंही होतंय, दुखणं गळून आनंद उरतोय. शब्दांचं असंच चालतं. पण शब्द गोड झाला म्हणून सकाळी बाप उठेपर्यंत धाकट्यांना सांभाळत घरी थांबणाऱ्या पोराची सकाळ गोड होत नाही.

असो. तुमच्याकडे या दुखण्याला काय म्हणायचे? खानदेशातल्या, कोकणातल्या मंडळींनी जरूर कळवा.