मर्सिडीज-बेन्झ सी-क्लास (डब्ल्यू २०४ पिढी)

जर्मनीच्या मर्सिडीज-बेन्झ कंपनीची मध्यम लांबीची ऐषआरामी मोटारगाडी. सी-क्लास मालिकेतली ही तिसरी पिढी. उत्पादनकाळ २००७ ते २०१४. कूपे हा दोन दारांचा प्रकार त्यानंतरही थोडा काळ निघत होता. आधीची पिढी डब्ल्यू २०३ (२०००), नंतरची डब्ल्यू २०५ (२०१४). भारतात विक्री २००८ पासून, जुळणी पुणे जिल्ह्यात. जगभरात २४ लाखांहून अधिक गाड्या खपल्या. महाराष्ट्राच्या, त्यातही मराठवाड्याच्या मोटार-इतिहासात या पिढीला स्वतंत्र जागा द्यावी लागते. त्याचे कारण २०१० सालची औरंगाबादची सामूहिक खरेदी.

मोटारउद्योगात या वर्गाला 'कॉम्पॅक्ट एक्झिक्युटिव्ह' म्हणतात. साधारण साडेचार मीटर लांबीची, चार दारांची, मोठ्या सलूनचा आराम आटोपशीर आकारात देणारी गाडी, एवढा त्याचा अर्थ. बीएमडब्ल्यू ३ मालिका आणि ऑडी ए ४ हे या वर्गातले तिचे कायमचे प्रतिस्पर्धी. त्यांपैकी ऑडी ए ४ ची भारतातली जुळणी २००८ पासून औरंगाबादजवळच्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीत, स्कोडाच्या कारखान्यात होत होती. शेंद्र्याच्या कामगारांच्या हातून बनणाऱ्या ए ४ ला त्याच शहरातल्या गिऱ्हाईकांसमोर पुण्याजवळच्या चाकणमध्ये जुळणाऱ्या सी-क्लासशी सामना करावा लागला.

पूर्वपीठिका : मर्सिडीज म्हणजे मोठी गाडी, ही समजूत कंपनीने १९८२ साली १९० (डब्ल्यू २०१) आणून मोडली. त्या गाडीच्या मागच्या चाकांचे पाच दांड्यांचे सस्पेन्शन इतके उत्तम जमले होते की त्याची मूळ कल्पना पुढच्या सर्व पिढ्यांत टिकली, डब्ल्यू २०४ मध्येही. १९९३ साली डब्ल्यू २०२ ला प्रथम 'सी-क्लास' हे नाव मिळाले. भारतात मर्सिडीज-बेन्झ इंडिया ही कंपनी १९९४ साली टाटांच्या टेल्को कंपनीच्या भागीदारीत स्थापन झाली आणि १९९५ पासून पिंपरीच्या टेल्को आवारात ई-क्लास (डब्ल्यू १२४) गाड्या जुळू लागल्या. डब्ल्यू २०३ ही सी-क्लास २००१ मध्ये भारतात आली.

रचना : डब्ल्यू २०४ जानेवारी २००७ मध्ये जाहीर झाली आणि मार्चमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात लोकांसमोर आली. डब्ल्यू २०३ चे गोलसर, आठच्या आकड्यासारखे दिवे जाऊन टोकदार रेषांचा चेहरा आला. लांबी ४,५८१ मिमी, रुंदी १,७७० मिमी, दोन आसांमधील अंतर २,७६० मिमी. म्हणजे आधीच्या पिढीहून लांबी ५५, रुंदी ४२ आणि आसांमधील अंतर ४५ मिमी जास्त. मागे बसणाऱ्याच्या गुडघ्यांना मिळालेली जागा याच वाढीतून आली. तरीही उंच माणसाला मागची बैठक अपुरी वाटते आणि चालक ठेवून मागे बसणाऱ्या भारतीय मालकांची ही तक्रार शेवटपर्यंत राहिली.

सांगाड्यात सुमारे ७० टक्के पोलाद उच्च-ताकदीचे होते. चालकाच्या गुडघ्यासाठी वेगळी एअरबॅग होती. युरो एनकॅप संस्थेच्या अपघात-चाचणीत गाडीला पाच तारे मिळाले. 'अॅजिलिटी कंट्रोल' नावाच्या व्यवस्थेतले शॉक अॅब्सॉर्बर कोणत्याही विजेच्या यंत्रणेविना, केवळ तेलाच्या वाटेतल्या झडपेने, लहान हादऱ्यांना मऊ आणि जोराच्या वळणावर कडक होत. खड्ड्यांच्या रस्त्यावर या साध्या युक्तीचे मोल कळते. बिघडण्यासारखे त्यात काही नाही, आणि गाडी सरळ रस्त्यावर डुलत नाही.

एक बदल दिसायला छोटा, पण त्यामागचा निर्णय मोठा होता. क्लासिक आणि एलिगन्स या प्रकारांत बोनेटच्या टोकावर उभा तारा, तर अवांगार्द प्रकारात तोच तारा मोठा होऊन जाळीच्या मधोमध. बसक्या सलूनला जाळीतला तारा देण्याची कंपनीची ही पहिलीच वेळ, कारण तोपर्यंत तो मान स्पोर्ट्स गाड्यांचा होता. वयस्क गिऱ्हाईक उभ्या ताऱ्याकडे वळेल आणि तरुण जाळीतल्या ताऱ्याकडे, हा अंदाज बरोबर ठरला. आज सी-क्लासवर उभा तारा क्वचितच दिसतो, त्याची सुरुवात इथे झाली.

शरीरप्रकार : सलून (डब्ल्यू २०४), मागे सामानाची लांब जागा असलेली इस्टेट (एस २०४, २००७) आणि कूपे (सी २०४, २०११). याच पायावर जीएलके ही उंच गाडी (२००८) उभी राहिली आणि ई-क्लास कूपेनेही (२००९) बराचसा पाया इथूनच घेतला. २००८ मधली सीएलसी दिसायला या पिढीची वाटते. आतून मात्र ती जुनी डब्ल्यू २०३ आहे. भारतात इस्टेट विकली गेली नाही. लग्नाच्या वऱ्हाडाचे सामान वाहणाऱ्या आपल्या कुटुंबांना ती सर्वांत उपयोगी ठरली असती.

पेट्रोल इंजिने : सुरुवातीला १.८ लिटरचे चार सिलिंडरी इंजिन सुपरचार्जरसह आले, त्याला 'कॉम्प्रेसर' म्हणत. सी १८० मध्ये ते १५६ आणि सी २०० मध्ये १८४ अश्वशक्ती देई. वर सहा सिलिंडरची सी २३०, सी २८० आणि २७२ अश्वशक्तीची सी ३५०. पुढे सुपरचार्जर जाऊन टर्बो आणि थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणी आली. या प्रकारांना सीजीआय म्हटले गेले. सी २०० सीजीआयची शक्ती १८४ अश्वशक्ती इतकीच राहिली, पण ओढ (टॉर्क) २५० वरून २७० न्यूटन-मीटरवर गेली.

डिझेल इंजिने : भारतात या पिढीचे खरे आयुष्य डिझेलवर गेले. पहिल्या सी २२० सीडीआयमध्ये १७० अश्वशक्तीचे जुने, सिद्ध इंजिन होते. २००८ च्या अखेरीस कंपनीने ओएम ६५१ हे सर्वस्वी नवे २,१४३ घन सेंटीमीटरचे इंजिन आणले आणि ते प्रथम याच गाडीत बसवले. त्यात एकामागे एक असे दोन टर्बो होते. कमी फेऱ्यांवर लहान टर्बो पटकन जोर धरी, फेऱ्या वाढल्या की मोठा काम हाती घेई. सी २५० सीडीआयमध्ये २०४ अश्वशक्ती आणि ५०० न्यूटन-मीटर ओढ मिळे. काही वर्षांपूर्वीपर्यंत एवढ्या ओढीसाठी सहा सिलिंडर लागत. या पिढीने अभियांत्रिकीला दिलेली सर्वांत मोठी देणगी हे इंजिन होय. पुढे ते ए-क्लासपासून एस-क्लासपर्यंत कंपनीच्या बहुतेक गाड्यांत गेले.

एएमजी (कंपनीची वेगवान गाड्यांची शाखा) : सी ६३ एएमजीत ६,२०८ घन सेंटीमीटरचे, आठ सिलिंडरचे, टर्बो नसलेले इंजिन होते, ४५७ अश्वशक्ती, ६०० न्यूटन-मीटर. कूपेवर आधारलेली ब्लॅक सीरिज (२०११) ५१७ अश्वशक्तीपर्यंत गेली. 'एडिशन ५०७' (२०१३) च्या नावातला आकडा तिच्या अश्वशक्तीचा. सी ६३ इस्टेट फॉर्म्युला वन शर्यतींत वैद्यकीय गाडी म्हणून धावे. डीटीएम या जर्मन शर्यतमालिकेत या पिढीच्या गाडीवर पॉल दि रेस्टाने २०१० चे अजिंक्यपद मिळवले.

२०११ चा फेरबदल : नवे दिवे, नवा डॅशबोर्ड, कंपनीच्या म्हणण्यानुसार दोन हजारांवर नवे भाग. पहिल्या गाड्यांच्या डॅशबोर्डचे प्लास्टिक किमतीला शोभत नव्हते. ती उणीव येथे भरून निघाली. चार सिलिंडरच्या गाड्यांना जुन्या पाच गिअरच्या स्वयंचलित पेटीऐवजी सात गिअरची पेटी मिळाली. चालकाचा थकवा ओळखून सूचना देणारी यंत्रणाही आली. चालवायला आणि बाळगायला या पिढीतली सर्वांत चांगली गाडी कोणती, याचे उत्तर २०११ नंतरची सी २२० सीडीआय.

भारतातील जुळणी आणि कर : २००९ मध्ये कंपनीचा चाकण येथील १०० एकरांचा कारखाना सुरू झाला आणि सी-क्लासची जुळणी तिथे होऊ लागली. सुटे भाग संचाने आणून इथे जोडण्याचे कारण कर. पूर्ण बनवून आणलेल्या गाडीवर २०१० साली ६० टक्के मूळ आयात शुल्क होते. चाळीस हजार डॉलरवरच्या गाड्यांसाठी ते २०१२ मध्ये ७५ आणि २०१३ मध्ये १०० टक्के झाले. सुट्या संचावर ते १० टक्के होते. २०११ च्या अर्थसंकल्पाने 'सुटा संच' कशाला म्हणायचे ते बांधून दिले आणि इंजिन किंवा गिअरपेटी आधीच जोडलेली असेल तर शेवटी ३० टक्के शुल्क ठरले. सी २२० सीडीआय तीस लाखांच्या आसपास आणि सी ६३ एएमजी तिच्याहून बरीच महाग, या तफावतीत इंजिनाइतकाच या शुल्काचा वाटा आहे.

औरंगाबादची खरेदी (२०१०) : ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथील उद्योजक, व्यापारी, डॉक्टर, बांधकाम व्यावसायिक अशा लोकांनी एकत्र येऊन एकाच वेळी १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या. एकूण किंमत सुमारे ६५ कोटी रुपये, म्हणजे गाडीमागे सरासरी ४३ लाख. सी-क्लासबरोबर ई-क्लास आणि त्याहून मोठ्या गाड्याही त्यात होत्या. मुंबई-पुण्याबाहेर श्रीमंत गिऱ्हाईक नाही, असे मानणाऱ्या मोटार कंपन्यांना मराठवाड्याने आपली नोंद घ्यायला लावली. त्यानंतर ऐषआरामी गाड्यांच्या कंपन्या मध्यम शहरांकडे गांभीर्याने पाहू लागल्या. एकत्र जाऊन भाव करण्याची ही रीत बाजार समितीच्या आवारात वाढलेल्या माणसांना नवी नव्हती.

याच घटनेची दुसरी बाजू पत्रकार पी. साईनाथ यांनी डिसेंबर २०१० मध्ये 'द हिंदू'तल्या लेखातून मांडली. खरेदीतले ४० कोटींहून अधिक रुपये भारतीय स्टेट बँकेच्या कर्जाचे होते आणि व्याज ७ टक्के. त्याच भागात ट्रॅक्टर घेणाऱ्या शेतकऱ्याला १२ टक्क्यांहून जास्त व्याज पडत होते. बँकेच्या हिशेबाने तारण पक्के आणि कर्जदार भरवशाचा, म्हणून सवलत. पण ट्रॅक्टर हे कमाईचे साधन आहे आणि ही गाडी नाही. ज्या जिल्ह्यांत शेतकरी कर्जापायी जीव देत होते तिथे व्याजाचा असा उलटा क्रम असणे अन्यायाचे होते. उद्योजकांनी एकजुटीने जे मिळवले त्याबद्दल त्यांना दोष देता येत नाही. तशीच एकजूट करून ट्रॅक्टर घेणाऱ्यांना तो दर मिळाला असता का, हा प्रश्न या गाडीच्या नोंदीत राहिलाच पाहिजे.

सीमाभागातील वापर : मराठवाड्याच्या तेलंगण-कर्नाटक सीमेजवळच्या देगलूर, बिलोली, उदगीर या पट्ट्यात या गाडीचा प्रश्न पहिल्यांदा इंधनाचा होता. एप्रिल २०१० पासून बीएस-४ (भारत स्टेज ४) या प्रदूषण-मानकाचे इंधन देशातल्या १३ शहरांत मिळू लागले. त्यांत मुंबई, पुणे, सोलापूर आणि हैदराबाद होते, देगलूर नव्हते. बीएस-४ डिझेलमध्ये गंधक दशलक्ष भागांत ५०, बीएस-३ मध्ये ३५०. नव्या डिझेल इंजिनाच्या धुरनळीतल्या उत्प्रेरकाला जादा गंधक मानवत नाही. म्हणून हैदराबादेत टाकी भरून निघालेली गाडी सुमारे २०० किलोमीटरवरच्या देगलूरला पोचून पुन्हा भरली की निराळ्याच डिझेलवर चाले. सगळ्या देशात बीएस-४ इंधन एप्रिल २०१७ मध्ये आले, तोवर या पिढीचे उत्पादन थांबलेले होते.

देगलूरहून संभाजीनगरपेक्षा हैदराबाद बरेच जवळ. त्यामुळे जुनी सी-क्लास शोधणाऱ्याची नजर आधी तिकडे जाते. तिथे दिसणाऱ्या या पिढीच्या गाड्यांवर बहुधा 'एपी' क्रमांक असतो, कारण तेलंगण राज्य २ जून २०१४ रोजी झाले आणि तोवर या गाडीची विक्री संपत आली होती. अशी गाडी कायमची महाराष्ट्रात आणली तर मूळ कार्यालयाचा ना-हरकत दाखला घेऊन, इथला कर भरून, बारा महिन्यांच्या आत नांदेडच्या 'एमएच २६' क्रमांकाचे पासिंग करून घ्यावे लागते. दिल्लीहून आलेल्या डिझेल गाड्या स्वस्त पडत. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाडीवर बंदी आली होती, हे त्यामागचे कारण.

जुनी गाडी घेणाऱ्याने काही गोष्टी आवर्जून तपासाव्यात. स्टेअरिंगचे विजेवर चालणारे कुलूप मोटर झिजून निकामी होते; मग किल्ली फिरत नाही आणि गाडी जागेवरून हलत नाही. मागच्या दिव्यांच्या जोडणीत अर्थिंगची तार तापून जळते, त्यासाठी अमेरिकेत २०१४ साली अडीच लाख गाड्या परत बोलावल्या होत्या. कॉम्प्रेसर इंजिनात टायमिंग साखळी आणि कॅमचे दातेरी चक्र झिजते, थंड इंजिन सुरू करताना खडखड ऐकू येते. ओएम ६५१ च्या पहिल्या गाड्यांतले पिझो इंजेक्टर त्रासदायक ठरले आणि कंपनीने पुढे सोलेनॉइड इंजेक्टर बसवले. ते बदलल्याची पावती मागावी. त्याच इंजिनाची साखळी मागच्या बाजूला असल्याने तिच्या कामाला मोठी खोलाखोल लागते. टकाटा कंपनीच्या सदोष एअरबॅगसाठी गाडी परत बोलावली गेली होती का, हे चॅसी क्रमांक देऊन अधिकृत सेवाकेंद्रात विचारावे. खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. २००८ च्या गाड्यांची मुदत २०२३ मध्ये संपली. एप्रिल २०२२ मध्ये पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाचे केंद्रीय शुल्क ५,००० रुपये झाले आणि महाराष्ट्रात त्यावर पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो.