रद्दी, वाख आणि भांगेची बदनामी

मागे एका वाड्यातलं जुनं दप्तर बघायला मिळालं. दोनशे वर्षांपूर्वीचे मोडी कागद. घडी उलगडली, परत घातली, काही झालं नाही. माझ्याच बातमीचं दहा वर्षांपूर्वीचं कात्रण मात्र घडीवर तुटलंय.

कारणं दोन-तीन आहेत, पण मोठं कारण तंतू. वर्तमानपत्राच्या कागदात लाकडाचा भरडलेला लगदा असतो, रद्दी असते. रद्दीचा पुन्हा लगदा केला की प्रत्येक फेरीत तंतू तुटतो, ताठर होतो, एकमेकांना नीट धरत नाही. पाच-सात फेऱ्यांत खेळ खलास. म्हणून आपल्या गिरण्या परदेशातल्या खोक्यांची रद्दी विकत आणतात. तिच्यात लांब तंतू शिल्लक असतो.

यावरचा उपाय जुनाच आहे. चीनमध्ये इ.स. 105 मध्ये त्साय लुननं कागद केला तो झाडाची साल, भांगेच्या झाडाचा टाकाऊ वाख, चिंध्या आणि मासेमारीची जुनी जाळी कुटून. म्हणजे रद्दी आणि वाख ही जोडी पहिल्यापासूनची! आपल्याकडचे कागदीही जुनी गोणपाटं, दोरखंड, ताग कुटायचे. जुन्नरी आणि दौलताबादी कागद पेशवाईच्या दप्तरांत होताच. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हा धंदा तुघलकाच्या काळापासूनचा मानतात. तिथून जवळच वेरूळ. तिथल्या लेण्यांच्या गिलाव्यात भांगेचे तंतू मिसळलेले आहेत, असं 2016 साली संशोधकांनी दाखवलं.

आता व्हॉट्सअ‍ॅपवाल्यांसाठी. ‘एक एकर भांग म्हणजे चार एकर जंगल’ हे जे फिरतं, त्याचं मूळ अमेरिकी शेतीखात्याच्या 1916 च्या 404 नंबरच्या पुस्तिकेत आहे. पण ती पुस्तिका वाखाबद्दल नव्हतीच, वाख काढल्यावर उरणाऱ्या काड्यांबद्दल होती. काडीचा तंतू आखूड. रद्दीला बळ येतं ते सालीच्या वाखानं. त्याचा तंतू लाकडापेक्षा कितीतरी लांब, इतका की आधी कापावा लागतो, नाहीतर लगद्यात गुठळ्या होतात. शिवाय महाग. म्हणून तो सिगारेटच्या कागदात नि नोटांत गेला, वह्यांत नाही.

आणि कायदा? 1985 च्या अमली पदार्थ कायद्याचं कलम 14 तंतू आणि बियांसाठी भांगेच्या लागवडीला परवानगी देण्याची मुभा सरकारला देतं. उत्तराखंडनं 2018 मध्ये ती वापरली. आपल्याकडे नुसतं नाव काढलं तरी लोक हसतात.

मला विचाराल तर भांगेसाठी अडून बसायची गरजच नाही. इंग्रजांनी वाख देणाऱ्या प्रत्येक झाडाला हेम्पच म्हटलं. आपली अंबाडी त्यांच्या लेखी ‘डेक्कन हेम्प’. ताग तर आपण हिरवळीचं खत म्हणून पेरतो नि फुलावर आला की गाडतो. त्याचाही तंतू लाकडापेक्षा लांब, आणि लायसन कुणाचंच लागत नाही. गांधीजींच्या प्रेरणेनं 1940 साली पुण्यात के. बी. जोशींनी हातकागद संस्था उभी केली, म्हणजे या कामाला महाराष्ट्रात घरही आहे.

अडतं ते वाख काढण्यावर. अंबाडी पाण्यात कुजवायची, सोलायची, धुवायची. कमरेएवढ्या घाण पाण्यात उभं राहायचं काम. आमच्या शेजारचे आजोबा सांगतात, दोर वळणं सोपं होतं, ते पाणी नको वाटायचं. नायलॉनची दोरी आली आणि त्यांनी अंबाडी फक्त भाजीपुरती ठेवली, बांधाला चार ओळी. सोलायचं स्वस्त यंत्र त्यांच्यापर्यंत कधी पोचलंच नाही.